यात्रेतल्या खेळांवर धाड पडली, पण फसवत कोण होतं?

प्रश्न सांगलीकडच्या एका यात्रा कमिटीतल्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: गेल्या महिन्यात गावच्या यात्रेत पोलिसांनी खेळांच्या पालांवर धाड टाकली. रिंगवाला, फुगे फोडायच्या बंदुकीवाला, चक्रीवाला आणि चित्रांच्या पटावर पैसे लावून घेणारे दोघं, अशा पाच जणांना उचललं, साहित्य जप्त केलं. त्याचा व्हिडिओ फिरला आणि गावात दोन तट पडले. एक म्हणतो, गरिबांच्या पोटावर पाय दिला, हप्ता थकला असणार. दुसरा म्हणतो, बरं झालं, पोरं बिघडत होती. लोकांची ही प्रतिक्रिया त्याला विचित्र वाटते. त्याला विचारायचंय ते असं: हे खेळ खरंच फसवे असतात का, धाड बरोबर होती का, आणि पुढच्या वर्षी या पालांना जागा द्यायची की नाही?

मी पोलीस खात्यात ३४ वर्षं काढली, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. त्यातली सहा वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत गेली. यात्रांचे बंदोबस्त किती केले त्याची मोजदाद नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं मला ठाऊक आहे, आणि ज्या बाजूला मी उभा होतो तिच्या चुकाही.

आधी एक गोष्ट मोकळी करू. तुमच्या गावात भांडण पेटलंय ते पाच जणांना एका गाडीत घातलं म्हणून. त्या गाडीत तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसं असणार. अवघड खेळ लावून बसलेला एक, खेळात खोट करणारा दुसरा, आणि सरळ जुगार चालवणारा तिसरा. व्हिडिओत तिघं सारखेच दिसतात. गावातला प्रत्येक जण त्यातला एक डोळ्यासमोर ठेवून बोलतोय. रिंगवाला ज्याच्या डोळ्यासमोर आहे त्याला पोलीस क्रूर वाटतात. पटावर पोराने पैसे घालवले, त्याच्या बापाला तेच पोलीस देव वाटतात.

रिंगवाल्यापासून सुरू करतो, कारण त्याच्याबद्दलच जास्त गैरसमज आहेत.

बरीच वर्षं झाली. माण-खटावकडच्या एका यात्रेत दुपारची गर्दी ओसरलेली, मी एका रिंगवाल्याच्या पालासमोर उभा होतो. वीस रुपयांना पाच रिंगा. समोर लाकडी ठोकळे, त्यांवर साबण, बिस्किटांचे पुडे, मागच्या रांगेत घड्याळं आणि एका ठोकळ्यावर रबर लावून बसवलेली शंभराची नोट. म्हटलं, टेप आण. त्याने शेजारच्या मंडपवाल्याकडून टेप आणली. ठोकळा मोजला, एक बाजू १० सेंटिमीटर. रिंग आतून साडेचौदा. बघणाऱ्याला वाटतं, अरे, साडेचार सेंटिमीटर जागा शिल्लक आहे, कशी नाही बसणार? पण ठोकळा चौकोनी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजला की १४च्या वर जातो. म्हणजे दोन्हीकडची मिळून मोकळी जागा जेमतेम साडेतीन मिलिमीटर. ठोकळे मांडतानाच तो सपाट बाजू गिऱ्हाइकाकडे करून मांडत होता. कोपरा पुढे केला असता तर तोच ठोकळा डोळ्याला जवळजवळ दीडपट दिसला असता.

त्याने हाताने रिंग ठोकळ्यावर उतरवून दाखवली. अलगद बसली. म्हटलं, आता दोरीच्या मागे ये आणि तिथून टाक. अकरा टाकल्या. एकही बसली नाही. मग हसला. म्हणाला, "सायेब, मलाच जमत असतं तर मी हितं उभा असतो व्हय?"

बाहेरून टाकलेली रिंग तिरकी येते. तिरकी आली की तिचं तोंड एका अंगाने अरुंद होतं, कोपऱ्याला आपटते आणि उडते. अगदी सपाट, अगदी मधोमध पडली तरच बसणार. खेळ अवघड आहे, मुद्दाम अवघड केलेला आहे. पण तो फसवतोय का? माझ्या मते नाही. रिंग डोळ्यासमोर, ठोकळा डोळ्यासमोर, अंतर डोळ्यासमोर. क्वचित कुणाची तरी बसते आणि तो साबण देतो. वीस रुपयांत माणूस पाच मिनिटं हसतो. पाळण्यात बसायलाही पैसे मोजावेच लागतात, आणि उतरताना हातात काहीच नसतं.

पुढच्याच वर्षी, त्याच यात्रेत, दुसरा रिंगवाला. याच्याकडे रिंगांचे दोन गठ्ठे. उतरवून दाखवायची रिंग निळी, गिऱ्हाइकाला द्यायच्या लाल. टेप लावली तर लाल रिंग आतून पावणेचौदा. ती त्या ठोकळ्यावर बसूच शकत नव्हती, देवाने टाकली तरी. ही फसवणूक. मी आयुष्यभर हीच रेघ धरून चाललो: जे दाखवलं तेच हातात दिलं का? रेघेच्या अलीकडे अवघड खेळ, पलीकडे लबाडी.

फुग्यांच्या बंदुकीला तीच रेघ लावा. फुगे अर्धवट फुगवलेले असतात, मऊ पडलेले, त्यांना छर्रा लागून घसरतो. बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, जराशी वाकवलेली असते. पण वाकडी असली तरी ती दर वेळी तेवढीच वाकडी. डोकं असलेलं पोरगं दोन गोळ्या वाया घालवतं आणि तिसरी बाजूला धरून मारतं. आमच्या एका जवानाने तसं करून ओळीने सगळे फुगे फोडले होते. पालवाल्याने पुढच्या डावाला "ही गरम झाली" म्हणून बंदूकच बदलून दिली. लबाडी तिथे होती. डबे पाडायच्या खेळात खालच्या रांगेतला एखादा डबा तळात वाळू किंवा शिसं घालून जड केलेला असतो आणि हातात चेंडू दिलेला असतो चिंध्यांचा. ती लबाडीच, त्यात शंका नाही. डबे हातात उचलून बघा म्हटलं की पालवाल्याचा चेहरा सांगतो.

चक्री ही वेगळी चीज आहे. तिच्यात कौशल्य नाहीच, फिरवणारा दुसराच, तुम्ही नुसता आकडा धरायचा. मी एकदा जप्त केलेल्या चक्रीच्या टेबलाखाली लाकडी पट्टी होती. पायाने दाबली की ती चक्रीच्या दांड्याला घासायची. दोन-तीन घरं अलीकडे-पलीकडे थांबवायला तेवढं पुरतं. बाहेरून काही दिसत नाही, कारण टेबलाला पुढून कापड लावलेलं असतं. खेळाच्या टेबलाला जमिनीपर्यंत कापड दिसलं की मी अजूनही आधी ते वर करतो.

आणि मग सोरट, गुडगुडी, झंडीमुंडी, म्हणजे चित्रांवर पैसे लावायचे जुगार. नावं भागाभागांनुसार बदलतात. तुमच्या गावात पटावर पैसे लावून घेणारे दोघं होते, ते यातलेच. मी पकडलेल्या एका सोरटच्या पटावर बारा चित्रं होती. छत्री, पतंग, भोवरा, कबूतर असली. दहा रुपये लावायचे, आपलं चित्र निघालं तर शंभर. एका माणसाने बाराही चित्रांवर दहा-दहा लावले असं धरा. गेले १२०, आले १००. काहीही खोट न करता चालवणाऱ्याचे वीस रुपये सुटले. गुडगुडीत तीन फासे, सहा चित्रं. एक आलं तर लावले तेवढेच जास्त मिळतात, दोन आली तर दुप्पट, तीन आली तर तिप्पट. ऐकायला बरोबरीचा सौदा वाटतो. फासे पडायचे एकूण प्रकार २१६. त्यातल्या १२५ वेळा तुमचं चित्र येतच नाही. एकदा येतं ७५ वेळा, दोनदा १५ वेळा, तिन्हीवर एकदाच. रुपया-रुपया लावत २१६ डाव मोजलेत तर ७५, ३० आणि ३ मिळून १०८ रुपये जिंकलात, १२५ हरलात. सतरा गेले. डाव मिनिटाला दोन होतात. रात्रभरात किती होतील ते तुम्हीच मोजा.

म्हणून जुगाराबद्दल "फासे खरे होते का" हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. खऱ्या फाशांनीही माणूस धुतला जातो. वर चालवणाऱ्याचे दोन-तीन साथीदार गर्दीत असतात. ते मोठ्याने जिंकतात, नोटा फडकवतात, आणि शेजारच्या पोराला सांगतात, "लाव की रं, आज पतंग लागतोय." त्या दोघांबरोबर आणखी किती जण होते, हा प्रश्न तुमच्या गावात कुणीच विचारलेला दिसत नाही. साथीदार धाडीच्या वेळी गर्दीत मिसळतात, आणि "गरिबावर अन्याय" असा पहिला आवाज बऱ्याचदा त्यांचाच असतो. बऱ्याचदा, नेहमी नाही.

आता कायद्याचं. इथे पोलिसांची अडचण आणि पोलिसांचा आळस, दोन्ही एकाच कलमात दडलेत.

आपल्याकडे महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे, मूळचा १८८७चा. त्याच्या कलम १२(अ)प्रमाणे रस्त्यावर किंवा लोकांना जायला-यायला मोकळ्या जागेत जुगार खेळताना कुणी सापडला तर पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३०० रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हे लागू नाही. कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की बक्षीस मिळणं मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असेल तर तो जुगार नाही. १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ मानलं. रिंग टाकणं, नेम मारणं हे याच बाजूला पडतं, सोरट आणि चक्री पलीकडे. निदान माझं वाचन तसं आहे, आणि मी वकील नाही.

मग लबाडीचं काय? लाल रिंगवाल्याने केली ती फसवणूक. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४२० लागायचं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८. पण त्या कलमाला फसवला गेलेला माणूस लागतो, तो येऊन जबाब द्यायला लागतो. वीस रुपयांसाठी कोण येणार? चौतीस वर्षांत रिंग बसत नाही म्हणून ठाण्यात आलेला एकही माणूस मला आठवत नाही. आला तरी ठाणे अंमलदार काय म्हणाला असता ते मी इथे लिहीत नाही.

मग वरून फोन येतो, "यात्रेतले अवैध धंदे बंद करा." संध्याकाळपर्यंत कारवाई दाखवायची असते. हाताशी १२(अ) असतं. त्यात तक्रारदार नको, दोन पंच पुरतात, मुद्देमाल जागेवर मिळून येतो. सोरटवाला तर त्यात बसतोच. रिंगवाल्याच्या ठोकळ्यावर शंभराची नोट असली की त्यालाही ओढतात, कारण रोख रक्कम दिसली की पंचनामा वजनदार होतो. दुसऱ्या दिवशी कोर्टात बरेचसे गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि दुपारच्या गाडीने पुढच्या यात्रेला निघतात. सोरटवाल्याला तो दंड म्हणजे जागाभाडंच. रिंगवाल्याचं मात्र साहित्य गेलेलं असतं, हंगाम गेलेला असतो. न्याय असा उलटा पडतो हे मी स्वतः करून पाहिलंय, म्हणून सांगतोय.

नव्या संहितेत कलम ११२ आलंय, किरकोळ संघटित गुन्हेगारीचं. टोळीने केलेली फसवणूक, बेकायदा सट्टा, जुगार त्यात येतं आणि शिक्षा एक ते सात वर्षं. गावोगाव फिरणाऱ्या सोरटच्या टोळीला हे लावता येईल. पण टोळी आहे हे दाखवायचं तर तपास करावा लागतो, आणि मी पाहिलेल्या यात्रांच्या धाडींनंतर तपास असा फारसा होत नसे.

म्हणून धाड बरोबर होती का, याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. ते प्राथमिकीत, म्हणजे एफआयआरमध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार बहुतेक प्राथमिकी २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकाव्या लागतात. तिथून काढा आणि तीन गोष्टी बघा. कलम कोणतं लावलंय, प्रत्येक आरोपीकडे काय मिळून आलं, आणि पाचही जणांची एकच गोष्ट आहे की वेगवेगळी. रिंगवाल्याच्या नावापुढेही "जुगाराची साधने" असं मोघम लिहिलेलं असेल, तर त्याने वकील धरावा. कलम १३ त्याच्या बाजूने आहे.

आता लोकांच्या प्रतिक्रियेबद्दल. तुम्ही ती विचित्र म्हणताय, मला ती विचित्र वाटत नाही.

एका यात्रेत आम्ही गुडगुडीवाल्याला उचललं तेव्हा एका म्हातारीने माझ्या बाहीला धरलं. "आरं, त्याच्या लेकरांनी काय खायाचं? तुला पगार हाय." मी काही बोललो नाही. त्याच रात्री बाराच्या सुमाराला तिच्याच गावचा एक माणूस ठाण्यात आला. पोराने बियाण्याचे पैसे घालवले होते. त्याला रडायला येत होतं आणि रागही आमच्यावरच होता, की तुम्ही दुपारीच का आला नाहीत. दोघंही खोटं बोलत नव्हते. धाडीआधी पोलीस निकम्मे आणि धाडीनंतर जुलमी, हे आम्ही पगारात धरूनच चालायचो.

दुसरा आवाज असतो, "मोठ्यांना सोडून लहानांना धरता." यात तथ्य आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. गोव्यातल्या जत्रांमध्ये फाशांवर कारवाई झाली की पहिला सवाल हाच येतो की मांडवीत कॅसिनोची जहाजं चालतात ती कोणत्या न्यायाने? तिथल्या १९७६च्या जुगार कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि पुढे जहाजांसाठी वाट काढली गेली, हे त्याचं उत्तर. कायदेशीर उत्तर आहे, पण नारळ-फुलं विकणाऱ्या बाईला ते पटत नाही. आपल्या महाराष्ट्राचीही गंमत आहे. १९७६चा कॅसिनो कायदा इथे होता, कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. सरकारची लॉटरी मात्र १९६९पासून आहे. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांच्या जाहिराती तर कालपरवापर्यंत क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर दिसायच्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून ते खेळ बंद केले. त्याआधी कुणी मला "घरात बसून रमी चालते, मग यात्रेत चित्रं का नाही" असं विचारलं असतं तर माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं.

तिसरा आवाज हप्त्याचा. खोटं बोलणार नाही. मी अशा यात्रा पाहिल्यात जिथे चार दिवस सगळं चालू राहिलं आणि पाचव्या दिवशी, पालं उठायच्या आदल्या रात्री, धाड पडली. त्याचा अर्थ लोक लावतात तोच बहुतेक वेळा बरोबर असतो. पण धाड उशिरा पडण्याला दुसरंही कारण असतं आणि ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली. ३००च्या आसपास माणसं गेली, दुकानांना आगी लागल्या. त्या काळात साताऱ्याकडे नोकरी केलेला कुणीही पोलीस दाटलेल्या गर्दीत कुणाच्या मागे धावत नाही. पाल उलटलं, गॅसची टाकी पडली, कुणी "पळा" म्हणून ओरडलं, की जुगाराच्या तीनशे रुपयांच्या दंडापायी काय होईल त्याचा नेम नाही. मी नेहमी पहाटे किंवा भर दुपारी जायचो. तुमच्या गावात व्हिडिओत गर्दी दिसतेय असं तुम्ही लिहिलंय. धाड ऐन पालखीच्या वेळी पडली असेल तर कलम काहीही असो, ती चूकच.

पुढच्या वर्षीचं सांगतो. या प्रश्नाचं उत्तर पोलिसांच्या हातात कमी आहे, तुमच्या कमिटीच्या हातात जास्त. खेळवाल्याला पावती कोण फाडतं? तुम्ही. जागेचा लिलाव बोलतं कोण? तुम्हीच. रस्त्याकडेच्या कोपऱ्याच्या जागेला जो सगळ्यांत जास्त बोली लावतो, तो साबण देऊन ते पैसे कसे काढणार, याचा विचार लिलाव करतानाच करायला हवा. मी पाहिलेल्या यात्रांत सगळ्यांत महागडी जागा बहुधा सोरटवाल्याने किंवा त्याच्या माणसाने "खेळणी" म्हणून घेतलेली असायची. खेळांच्या पालांना लिलाव नको, ठरलेलं भाडं ठेवा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी घाण येतच नाही.

चित्रं, फासे, चक्री, पत्ते, चिठ्ठ्या यांना जागा द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. रिंग, नेम, डबे यांना द्या, पण पावतीच्या मागे चार ओळी लिहून त्याची सही घ्या. बक्षीस वस्तूचंच, रोख नाही. दाखवायचं आणि द्यायचं साहित्य एकच. भाव पाटीवर लिहिलेला. टेबलाला कापड नाही. आणि यात्रा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी कमिटीतल्या दोघांनी टेप घेऊन एक फेरी मारा. पालवाल्याला गिऱ्हाइकाच्या दोरीमागून, गिऱ्हाइकाच्याच रिंगांनी वीस वेळा टाकायला लावा. एकही बसली नाही तर ठोकळा लहान करायला सांगा. रंधा मारायला अर्धा तास लागतो. मी हे दोन-तीन गावांना करायला लावलं. पालवाले आधी कुरकुरले, पण खरे पालवाले टिकले, कारण बक्षीस निघायला लागलं की पालासमोर गर्दी वाढते.

एक अवघड गोष्ट राहिली. तुमची कमिटी स्वतः कुपनं काढते का? शंभर रुपयांचं कुपन, पहिलं बक्षीस बुलेट, दुसरं फ्रीज, सोडत यात्रेच्या शेवटच्या दिवशी. पुष्कळ गावांत मंडपाचा खर्च यातूनच निघतो. पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे लॉटरी, आणि १९९८च्या लॉटरी कायद्यानंतर ती फक्त राज्य सरकारला काढता येते. देवाच्या नावाने काढली म्हणून सुटका नाही. मी स्टेजवर सत्काराला उभा असताना अशी सोडत निघालेली आहे आणि मी टाळ्या वाजवल्यात, हेही कबूल करतो. पण सोरटवाल्याला हाकलताना तो तुमच्या कुपनांकडे बोट दाखवेल, तेव्हा काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर कुपनं बंद करून सरळ वर्गणी वाढवा.

मुलांना घेऊन येणाऱ्यांनी विचारलं तर एवढं सांगा. खेळायच्या आधी पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघायचं. कुणाकुणाला बक्षीस मिळालं, आणि जिंकणारे चेहरे तेच तेच आहेत का. पैसे खिशातून मोजून काढायचे, चाळीस म्हणजे चाळीस, आणि "अजून एकदा, आता बसणारच होती" हे वाक्य तोंडात आलं की पुढच्या पालाकडे, भेळेकडे निघायचं.

तुमच्या रिंगवाल्याचं जप्त साहित्य अजून ठाण्यात असेल. ते त्याला परत मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. तो परगावचा माणूस, तारखेला येणं त्याला परवडायचं नाही, म्हणून कमिटीने तालुक्याच्या वकिलाकडे शब्द टाकला तर बरं. आणि पुढच्या यात्रेच्या महिनाभर आधी ठाण्यात पत्र द्या. कोणकोणत्या पालांना जागा दिली त्याची यादी जोडा, फासे-चित्रांना दिलेली नाही हे लिहा, आणि तपासणी करायची तर पहिल्याच सकाळी करा अशी विनंती करा. पत्र नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पाचव्या रात्री गाडी आलीच तर तो कागद साहेबांपुढे धरता येईल.